जमल्यास पाहाल का

माझ्या नवऱ्याचं कसबा पेठेत नळ आणि पाइप-फिटिंगचं दुकान आहे. "चांगला नळ आहे का?" असं कुणी विचारलं की तो शांतपणे सांगायचा, "नाही, आम्ही फक्त गळके ठेवतो." गिऱ्हाईक तणतणत जायचं आणि पुढच्या वेळी पुन्हा त्याच्याकडेच यायचं. आम्ही कॉलेजातले वर्गमित्र. तेव्हापासून मी त्याच्याशी वादात हरत आलेय, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं. तोंडातून फक्त एक घोगरा आवाज निघायचा. तो त्याला स्वतःलाच सहन होईना, म्हणून त्याने तोही काढणं बंद केलं.

स्पीच थेरपीच्या बाईंनी मोबाइलवरचं एक फुकट ॲप सुचवलं. पडद्यावर चौकटी असतात, प्रत्येक चौकटीत एक शब्द आणि चित्र. बोट लावलं की फोन तो शब्द मोठ्याने बोलतो. अक्षरं जुळवून टाइप करणं त्याला जमेनासं झालं होतं, पण चौकटीतले शब्द तो ओळखायचा. मी उत्साहाने शब्द भरले, एखाद्या आज्ञाधारक पेशंटला शोभतील असे. पाणी, जेवण, औषध, धन्यवाद. 'धन्यवाद'वर त्याची नजर गेली, मग माझ्यावर आली, आणि मी ती चौकट मुकाट्याने काढून टाकली. मग त्याचे स्वतःचे शब्द घातले. कशाला, कळलं, हट्टी, शहाणपणा. रोज लागणारे 'नको', 'पुरे' आणि 'संडास' सगळ्यात खालच्या ओळीत ठेवले, म्हणजे हात फार लांब न्यायला नको.

अडचण बोटाची होती. उजवा हात वापरला नाही तर तो कायमचा जाईल, असं फिजिओथेरपीच्या बाईंनी बजावलं होतं, म्हणून फोन डाव्या हातात आणि दाबायचं उजव्याने. बोट हव्या त्या चौकटीवर बरोबर टेकायचं. पण उचलताना हात आपोआप छातीकडे ओढला जायचा आणि बोट घसरत खालच्या चौकटीत यायचं. बोट जिथून उचललं जाईल तो शब्द ॲप बोलायचं. चहा मागायला जावं आणि फोनने भरल्या घरात 'संडास' म्हणावं, असं दोनदा झालं, तेव्हा त्याने फोन पलंगावर भिरकावला.

माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं. हिंजवडीच्या एका कंपनीत मी बरीच वर्षं आहे. हे ॲप ओपन सोर्स होतं, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना उघडा. कुणीही घ्यावा, वाचावा, बदलावा. मी घेतला. बोट कुठून उचललं हे न बघता ते सगळ्यात जास्त वेळ कुठे टेकलं होतं ते बघायचं, एवढाच बदल. प्रत्येक फेरफार मी त्याच्या हातात देऊन बघत होते, आणि तो मान हलवून किंवा डोळे वटारून निकाल देत होता. शेवटी जमलं. माझी घरगुती आवृत्ती त्याच्या फोनवर चढली. त्या दिवशी त्याने चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि एकेक चौकट दाबत गेला. "साखर. कमी. कशाला." फोनमधून एका बाईचा आवाज येत होता, पण तक्रार त्याचीच होती. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

थेरपीच्या बाईंना हे दाखवल्यावर त्यांना आणखी पेशंट आठवले, असाच हात ओढला जाणारे. त्या सगळ्यांच्या फोनवर माझी घरगुती आवृत्ती चढवत फिरणं शक्य नव्हतं. बदल मूळ ॲपमध्येच गेला तर तो सगळ्यांना आपोआप मिळाला असता. म्हणून मी तो पाठवला.

ज्यांना या जगाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. असं सॉफ्टवेअर कुणा एकाचं नसतं. जगभरातले लोक आपला वेळ घालून ते बनवतात, पगार कुणालाच नाही. नवीन माणसाने बदल पाठवला की जुन्यांपैकी कुणीतरी तो ओळ न् ओळ वाचतो, शेरे मारतो, पटला तर आत घेतो. हे सगळं वेबसाइटवर, चारचौघांसमोर, लेखी आणि इंग्रजीत चालतं. माझा बदल वाचायला आले ते एक निवृत्त इंजिनिअर. नदीपलीकडे राहणारे, म्हणजे पुण्यातलेच, पण आम्ही कधी भेटलो नव्हतो. त्यांचा लौकिक मी ऐकून होते. पूर्वी ते एका शब्दात शेरा मारायचे. 'कशासाठी?' 'चूक.' 'पुन्हा करा.' त्यावरून एक होतकरू बाई दुखावून कायमच्या निघून गेल्या, बराच गदारोळ झाला, आणि मग त्या मंडळींनी शिष्टाचाराचे नियम लिहून काढले. कुणाला आज्ञा करू नये, प्रश्न विचारावा. आधी कौतुक करावं, मग सुचवावं. वाचणाऱ्याने नेहमी लक्षात ठेवावं की समोरचा माणूस फुकट काम करतो आहे.

मला त्यांचं नवं, सुसंस्कृत रूपच भेटलं. पहिल्या ओळीत मनःपूर्वक आभार, दुसऱ्या ओळीत कल्पनेची स्तुती, आणि मग एक प्रश्न. काही लोक बोट पडद्यावर फिरवत फिरवत शब्द वाचतात, वाचताना एखाद्या चुकीच्या चौकटीवर रेंगाळतात आणि मग हव्या त्या चौकटीत जातात. त्यांच्यासाठी, बोट दुसऱ्या चौकटीत स्पष्टपणे गेलं तर ती नवी निवड मानता येईल का? जमल्यास पाहाल का?

आता इथे हिंजवडी आडवी आली. आमच्या ऑफिसात 'जमल्यास पाहा' याचा अर्थ 'संध्याकाळपर्यंत करा' असा होतो. 'हा एक विचार सुचला' म्हणजे साहेबांचा निर्णय झालेला आहे. 'तुम्हाला काय वाटतं?' या प्रश्नाला आपल्याला काय वाटतं ते सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. ती फार दिवस दिसत नाहीत. वर्षानुवर्षं या भाषेत मुरलेल्या बाईने काय करावं? मी ते केलं. उलट त्यांच्या सौजन्याने भारावूनच केलं.

मग दुसरा प्रश्न आला. छोट्या फोनवर चौकटी लहान असतात, तेव्हा बोट किती घसरलं तरी चालेल याची जी मोकळीक ठेवली आहे ती थोडी कमी केली तर? केली. मग तिसरा. बोट टेकून राहण्याचा वेळ थोडा वाढवला तर चुकून लागलेले स्पर्श टळतील, असं वाटतं का? मला वाटलं की नाही हे मी स्वतःला विचारलंच नाही, वाढवला. त्यातली एकही सूचना वावगी नव्हती. सगळ्यांच्या मागे कुणीतरी खरा माणूस होता, ज्याला त्याने सोय झाली असती. आणि प्रत्येक वेळी मी 'छान सूचना, केलं आहे' असं लिहीत होते, तत्पर मुलीसारखं.

हे सगळं काम मी कंपनीच्या बसमध्ये करायचे. शिवाजीनगरहून बस निघाली की हिंजवडीच्या चौकात अडकेपर्यंत मांडीवर लॅपटॉप. तपासून बघायला माझा स्वतःचा फोन. त्याच्या फोनवरची आवृत्ती नीट चालत होती, तिला कशाला हात लावा, असा विचार. मी माझंच बोट चौकटीवर टेकवायचे आणि त्याचा हात ओढला जातो तसं मुद्दाम खाली घसरवायचे. शब्द बरोबर यायचा. त्याचं बोट मला पाठ आहे, अशी माझी खात्री होती.

बदल आत घेतला गेला. त्या गृहस्थांनी लिहिलं की सूचना इतक्या मोकळ्या मनाने घेणारं माणूस विरळा, नव्यांनी हा संवाद जरूर वाचावा. मी ते नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याने 'शहाणपणा' दाबलं, पण चेहरा खूश होता.

त्याच सुमारास मुलीचं लग्न ठरत होतं. तिने स्वतःच ठरवलं होतं, मुलगा तिच्याच ऑफिसातला, लोणी काळभोरचा. घरची बागायत शेती. त्याचे आईवडील पहिल्यांदा आमच्याकडे बोलणी करायला येणार होते. नवऱ्याने आदल्या आठवड्यापासून एक वाक्य घोळवून ठेवलं होतं. अख्खं वाक्य एकाच चौकटीत भरून देते म्हटलं, तर त्याने जोरात मान हलवली. त्याला ते शब्दाशब्दाने बोलायचं होतं. मला दोनदा म्हणून दाखवलं होतं. "या. बसा. मुलगी. हट्टी. आहे." मग थोडं थांबून, "आत्ताच. सांगतो." थांबायचं कुठे, हेसुद्धा त्याने ठरवलं होतं.

आणि मी त्याच सकाळी ॲपची नवी अधिकृत आवृत्ती त्याच्या फोनवर चढवली. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. पण मला कारण होतं. नव्या आवृत्तीत कुणीतरी पुरुषाचा मराठी आवाज घातला होता, चांगला भारदस्त. व्याह्यांसमोर माझ्या नवऱ्याने बाईच्या आवाजात बोलावं हे मला नको होतं. शिवाय तो बदल आता माझ्या नावासकट जगभर गेला होता, त्याचाही तोरा होता. मी जुनी आवृत्ती काढली, नवी चढवली, त्याचे सगळे शब्द परत भरले, एक चौकट दाबून त्याला आवाज ऐकवला. त्याने भुवया उंचावल्या. तेवढ्यात न्हावी आला, मग नणंद आली, मग पोह्यांना फोडणी.

पाहुणे बसले. व्याही धिप्पाड, पांढरा शर्ट, आवाज मोकळा. नमस्कार झाले. नवऱ्याने डाव्या हाताने फोन मांडीवर घेतला, उजवं बोट 'या'वर नेलं, टेकवलं. फोन त्या भारदस्त आवाजात म्हणाला, "नको."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, घाई झाली. त्याने पुन्हा बोट टेकवलं, बराच वेळ टेकवून ठेवलं, उचललं. "नको." तिसऱ्यांदा. "पुरे."

व्याह्यांनी हातातली बशी खाली ठेवली. बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "ताई, दादांच्या मनात न्हाई का ओ? तसं आसंल तर आत्ताच सांगा. आमी वाईट वाटून घेनार न्हाई."

मी धावाधाव करून समजावलं. मशीनचा घोळ आहे, आजच नवीन घातलंय, तुमचं स्वागत करत होते ते. मुलीने हसत बाजू सावरली. व्याही माणूस मोठ्या मनाचा. ते उठून नवऱ्याच्या शेजारी जाऊन बसले, त्याच्या पाठीवर हात ठेवला, म्हणाले, मशीनीचं काय घेऊन बसलात. लग्न ठरलं. सगळं गोड झालं. पण त्या हाताखाली माझा नवरा कसा बसला होता ते मी पाहिलं. आयुष्यभर ज्याने कुणाला एक शब्द उधार ठेवला नाही, तो फोन पालथा घालून खिडकीबाहेर बघत होता.

त्याचं बोट माझ्या नकलेपेक्षा बरंच लांब घसरायचं, आणि नवी आवृत्ती त्यालाच नवी निवड समजत होती. दुसऱ्या दिवशी मी जुनी आवृत्ती परत चढवली. त्याच्यासमोर ठेवली. त्याने फोनला हात लावला नाही. मी सांगितलं की आता ते पूर्वीसारखं आहे, एकदा बघ. त्याने डोळे मिटून घेतले. पाणी हवं असलं की तो तांब्याकडे बोट दाखवायचा, नसलं की तेही नाही. मुलगी फोन घेऊन जवळ बसली तर हाताने बाजूला सारायचा. थेरपीच्या बाई म्हणाल्या, जबरदस्ती नको. पण असं बंदच राहिलं तर पुन्हा सुरू करणं अवघड जातं, हेही त्यांनी सांगितलं, खाली बघत. घरात नुसता पंख्याचा आवाज. मला भीती वाटत होती. चीडही येत होती, आणि ती कुणावर काढायची हे मला नीट माहीत होतं.

मी त्या वेबसाइटवर लिहिलं. शिष्टाचाराचे नियम बाजूला ठेवून लिहिलं. तुमच्या गोड सूचनांनी माझा बदल कुरतडून कुरतडून त्यातलं कामाचं तेवढं काढून टाकलं. ज्या माणसासाठी मी तो केला होता, नेमका तोच आता तो वापरू शकत नाही. उरलेल्या सगळ्यांचं अभिनंदन.

उत्तर दुपारपर्यंत आलं. मराठीत आलं, आणि त्यांच्या जुन्या तऱ्हेने आलं. "मी विचारलं होतं, सांगितलं नव्हतं. तुम्ही एकदा 'नाही, हे चालणार नाही' म्हणाला असतात तर विषय तिथेच संपला असता. तुमच्या पेशंटचं बोट मी पाहिलेलं नाही, तुम्ही पाहिलं आहे. मला वाटलं, तुम्ही बघून हो म्हणताय." खाली आणखी दोन ओळी. बदल एकदम मागे घेता येणार नाही, आता काही जण त्यावर अवलंबून आहेत. पण दोन्ही पद्धती ठेवून ज्याची त्याला निवडता येतील. तसं करून पाठवलंत तर त्याच दिवशी वाचीन.

मला वाटेल ते बोलावंसं वाटलं, कारण त्यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं. तरीही मी हार मानायला तयार नव्हते. त्यांनी पूर्वीसारखं 'चूक' असं एका शब्दात लिहिलं असतं, तर मी भांडले असते. भांडायला मला घरातच शिकवलेलं आहे. त्या मऊमऊ प्रश्नांशी कुणी कसं भांडावं?

शनिवार होता. नवरा खिडकीशी बसला होता. मी लॅपटॉप घेऊन त्याच्या शेजारी बसले आणि म्हटलं, ऐक, मी तुला सगळं वाचून दाखवते, मग तूच ठरव कुणाचं चुकलं. पहिल्या आभारापासून सुरुवात केली. इंग्रजीतलं मराठी करून सांगत होते. मोकळीक कमी करण्याचं, वेळ वाढवण्याचं, माझं 'छान सूचना, केलं आहे', पुन्हा 'छान सूचना, केलं आहे'. 'संवाद नव्यांनी जरूर वाचावा' तेही वाचलं. तो पूर्वी माझ्या ऑफिसच्या गोष्टी ऐकायचा तसा ऐकत होता, मान किंचित तिरपी करून. शेवटचं उत्तर वाचताना माझा आवाज चढला. बघ, म्हटलं, म्हणे मी विचारलं होतं. विचारणं असं असतं का?

त्याने हात पुढे केला. आधी मला कळलं नाही. मग मी टेबलावरून फोन आणून त्याच्या डाव्या हातात दिला. उजवं बोट हळूहळू वर गेलं, टेकलं, छातीकडे ओढलं गेलं. शब्द बरोबर आला.

"मला."

बोट पुन्हा वर.

"कुणी."

मधे बराच वेळ गेला. चौकट सापडत नव्हती, पान बदलावं लागलं.

"विचारलं."

तोच जुना बाईचा आवाज. मला इतका आनंद झाला की आधी अर्थाकडे लक्षच गेलं नाही. तो बोलला होता. मग अर्थ पोचला आणि मी लॅपटॉप जवळ ओढला. बरोबर आहे, म्हटलं, अगदी बरोबर बोललास. हेच त्यांना लिहिते, जसंच्या तसं, कळू दे त्यांना.

त्याने मान हलवली. नाही. फोन मांडीवर धरला होता तो त्याने उचलला, पडदा माझ्याकडे केला, आणि माझ्याकडे बघत, न घाई करता, तेच तीन शब्द पुन्हा दाबले.